सरकारी काम आणि सहा महिने

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यातल्या सहा महिन्यांचा हिशेब कोणी करीत नाही. मलाही तो कधी करावा लागला नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये, कॉलेज नुकतेच सुरू झाले असता, आमचे जुने घरमालक एक पाकीट घेऊन दारात उभे राहिले. “प्राध्यापक, तुमचं काहीतरी कोर्टाचं आलंय हो,” असे ते म्हणाले आणि चहासाठीही न थांबता निघून गेले. कोर्टाच्या कागदाशेजारी फार वेळ बसू नये, असे त्यांना वाटले असावे.

पाकिटात लोकअदालतीची नोटीस होती. माझ्या नावावरच्या दोन वाहनांनी वेगमर्यादा मोडली होती. मोटारीने १८ जानेवारी २०२३ रोजी, स्कूटरने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. दंड अनुक्रमे दोन हजार आणि एक हजार रुपये. नोटीस वाचून आमच्या घरात पहिल्यांदा हसू पिकले. “अहो, तुम्ही आणि वेग? तुमच्या मागे तर रिक्षावालेसुद्धा हॉर्न वाजवतात!” हे सौभाग्यवतींचे मत. ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला तेव्हा सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाले, “भरून टाका. तीन हजारांसाठी हेलपाटे कोण घालणार?” दुसरे म्हणाले, “मुळीच भरू नका. इतक्या जुन्या चलनाचं काय होतंय?” तिसऱ्यांनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन ऐकवले. तिन्ही सल्ले मनापासून दिलेले होते. पण नोटीस हातात घेऊन नीट वाचली मात्र एकानेही नाही. मी इतिहास शिकवतो. जुना कागद हाती आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कशाच्या आधारावर लिहिला, हे आधी पाहावे, असे मी वर्गात दरसाल सांगतो. म्हटलं, आपल्याच दप्तराला हा नियम लावून पाहावा.

प्रथम आधार पाहू. गाडीचा वेग दुरून मोजण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली लहरींची. स्टेशनातून शिटी वाजवीत जाणारी गाडी जवळ येताना शिटीचा आवाज चढा वाटतो आणि दूर जाताना तो उतरतो, हे आपण अनुभवलेले आहे. यंत्रातून निघालेली लहर धावत्या वाहनावर आपटून परत येते तेव्हा तिच्यातही असाच फरक पडतो, आणि त्या फरकावरून वेग कळतो. दुसरी रीत साध्या अंकगणिताची. रस्त्यावर ठराविक अंतरावर दोन कॅमेरे असतात. समजा, त्यांच्यामधील अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा ताशी ८० आहे. तर हे अंतर कापायला कमीत कमी साडेसात मिनिटे लागली पाहिजेत. कोणी सहा मिनिटांत पोहोचला, तर त्याचा सरासरी वेग १०० होता, हे सांगायला ज्योतिषी नको.

येथवर सारे यंत्राचे काम. पण वेग मोजला म्हणजे चलन घरी पोहोचले असे नव्हे. यंत्राने पाटीवरचा नंबर वाचायचा. तो वाहनांच्या सरकारी नोंदवहीत शोधायचा. तेथून मालकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर घ्यायचा. मग त्या नंबरावर संदेश जायचा. या साखळीतील एकही कडी निसटली, तर चलन एकतर भलत्याच माणसाकडे जाते किंवा कोणाकडेच जात नाही. आणि रक्कम मात्र नोंदवहीत उभी राहते.

माझ्या दोन्ही चलनांत नेमके हेच घडले होते. राज्याच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे दिले की चलनाचा तपशील पाहता येतो. तो मी पाहिला. स्कूटरच्या चलनावर जे छायाचित्र होते, त्यात स्कूटर नव्हतीच. लाल रंगाची मोटारसायकल होती. तिच्या पाटीवर चिखल उडाला होता. इंग्रजी आठाच्या आकड्याची डावी बाजू झाकली गेली की त्याचा तीन दिसतो. यंत्राला तो तीन दिसला, आणि तीनचा धनी मी. यंत्राचे एक वेळ समजू शकते; पण चलन मंजूर करणाऱ्या माणसाने छायाचित्राकडे एकवार नजर टाकली असती, तर मोटारसायकल आणि स्कूटर यांतला फरक त्याच्या ध्यानात आला असता.

मोटारीच्या चलनात मात्र नंबर माझा, गाडी माझी, मागच्या काचेवरचे आमच्या कॉलेजचे चिन्हही माझेच. मर्यादा ८०, वेग १०८. मग हे मला अडीच वर्षे कळले कसे नाही? नोंदवहीत माझ्या मोबाइल नंबराच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली होती. माझा संदेश अडीच वर्षांपूर्वी कोणा अनोळखी गृहस्थाला गेला असणार, आणि त्यांनी तो पुसून टाकला असणार. आणि पत्ता? तो जुन्या भाड्याच्या घराचा. येथे दोष कचेरीचा नव्हे, माझा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे घर बदलल्यावर ३० दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो. मी घर बदलले २०२१ मध्ये. विद्यार्थ्याने निबंध दोन दिवस उशिरा दिला तर मी गुण कापतो. आणि स्वतःचा पत्ता चार वर्षे कळविला नाही.

आता कायदा उशिराविषयी काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम घालण्यात आला. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत पाठवावी, असे त्याने सांगितले. चलनासोबत वाहनाचे व पाटीचे स्पष्ट छायाचित्र, यंत्राने केलेले मोजमाप, तारीख, वेळ, स्थळ आणि मोडलेले कलम या गोष्टी असाव्यात, असेही त्यात आहे. यंत्रालासुद्धा अचूकपणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते.

आणि येथेच आपल्या म्हणीतले सहा महिने पुन्हा भेटतात. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असा फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. १९७३ च्या संहितेत तो ४६८ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो ५१४ व्या कलमात आहे. हलक्या वाहनाच्या पहिल्या वेगभंगाला १००० ते २००० रुपये दंड एवढीच शिक्षा असल्याने तो या नियमात बसतो. म्हण नागरिकाला सांगते, सहा महिने थांब. कायदा सरकारला सांगतो, सहा महिन्यांपलीकडे थांबू नको!

पण म्हणून जुने चलन आपोआप रद्द होते, असे कोणी समजू नये. उशिराचे योग्य कारण दिले, किंवा न्यायासाठी आवश्यक वाटले, तर कोर्ट ती मुदत शिथिल करू शकते. गुन्हा करणारा कोण हेच ठाऊक नसेल, तर मुदत तो कळल्यापासून मोजतात. मुदतीचा मुद्दा आपणहून मांडावा लागतो, आणि तो मांडायला कागद लागतात. स्टाफरूममधल्या ‘मुळीच भरू नका’ या सल्ल्यात ही अर्धी बाजू राहून गेली होती.

‘भरून टाका’ या सल्ल्यातही एक खाच आहे. चलनाची रक्कम ही तडजोडीची रक्कम असते. कायद्याच्या २०० व्या कलमाप्रमाणे ती भरली की प्रकरण तेथेच मिटते. हे सोयीचे खरे. पण मग ‘तो मी नव्हेच’ असे म्हणायला जागा उरत नाही. म्हणून आधी पाहावे, मग भरावे.

मोटारीचे मात्र कोडे राहिलेच होते. १०८ चा वेग माझ्या पायाला झेपणारा नव्हे. मी जुनी डायरी काढली. १८ जानेवारी २०२३: ‘परीक्षा, दिवसभर पर्यवेक्षण. गाडी भाच्याकडे.’ माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहून शिकत होता. वय २०, परवाना नवा. त्या दिवशी तो आईचे सामान पोहोचवायला गावी गेला होता.

त्याला बोलावून छायाचित्र दाखविले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, मीच होतो.” आणि थोड्या वेळाने, “तेव्हा कोणी सांगितलं असतं तर...” वाक्य त्याने पुरे केले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तो मोटारसायकलवरून घसरला होता. वेग जास्त होता, हे त्याने डॉक्टरांजवळ कबूल केले होते. पायात सळई बसली, वर्ष बुडाले. आता चालतो, पण जिना चढताना कठड्याला हात लावतो.

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. चलन पंधरा दिवसांत आले असते तर तो पुढे सावकाश चालवू लागला असता, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी त्याला समोर बसवून चार शब्द बोललो असतो, एवढे नक्की. वेगाचा दंड हा तिजोरी भरण्यासाठी नसतो. तो ताकीद देण्यासाठी असतो. ताकीद अडीच वर्षांनी आली तर तिचा उपयोग काय? कचेरीतला एक चुकलेला आकडा आणि माझा एक न कळविलेला पत्ता, या दोघांनी मिळून ती अडवून धरली होती.

आम्ही दोघे वाहतूक शाखेत गेलो. स्कूटरसाठी मी लेखी अर्ज, स्कूटरचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि आरसी बुकाची प्रत नेली होती. टेबलावरच्या हवालदारांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आणि म्हणाले, “सर, ही तर तुमची गाडीच नाही.” अर्जावर पोच मिळाली, आणि तीन आठवड्यांनी ते चलन नोंदीतून गेले. मोटारीच्या बाबतीत एका वकील स्नेह्याने मुदतीचा मुद्दा सुचविला होता. भाचा म्हणाला, “चालवत मी होतो मामा, भरू या.” त्याने स्वतःच्या खिशातून दोन हजार भरले. दुसऱ्या कोणी मुदतीचा मुद्दा मांडला असता तर त्यालाही मी नावे ठेवली नसती. तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

तर अशी जुनी नोटीस हाती आली तर घाबरू नये आणि फेकूनही देऊ नये. छायाचित्र, तारीख, स्थळ तपासावे. गाडी आपली नसेल, तर वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. संकेतस्थळावरही तक्रारीची सोय आहे. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली छायाचित्राची व यंत्राच्या प्रमाणपत्राची प्रत मागता येते. तिचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. लोकअदालतीला जाण्यात भिण्यासारखे काही नाही. तेथे तडजोड दोन्ही पक्षांच्या संमतीनेच होते. मात्र एकदा झालेल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी विचार करावा. गाडी विकली असेल, तर १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. ती टाळली तर दुसऱ्याच्या वेगाची चलने आपल्या दारात येतात. आणि मोबाइलवर ‘चलन भरा’ असा संदेश येऊन सोबत एखादी फाइल उतरवून घ्यायला सांगितली, तर ती उघडू नये. अशा संदेशांनी अनेकांची बँकेतली रक्कम गेली आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः टाइप करून पाहावा.

पण हे सारे पुढचे झाले. आज संध्याकाळी एवढेच करा. कपाटातून गाडीचे पुस्तक काढा. त्यावरचा पत्ता आज राहता त्याच घराचा आहे का, ते पाहा. नोंदीतला मोबाइल नंबर मोठ्याने, एकेक आकडा करीत वाचा. आणि घरात नवा परवाना मिळालेले कोणी असेल, तर त्याला शेजारी बसवूनच वाचा.