हजार पौंडांचा एक शेअर

१० ऑगस्ट २०१२ रोजी ताल बेन हैम या इस्रायली बचावपटूने पोर्ट्समथ फुटबॉल क्लबशी असलेला आपला करार सोडायला मान्यता दिली आणि क्लब वाचला. मोठ्या पगाराचे सगळे खेळाडू गेले नाहीत तर क्लबला टाळं लावावं लागेल, असं दिवाळखोर क्लबवर नेमलेले प्रशासक ट्रेव्हर बर्च यांनी आधीच बजावलं होतं. एकेक करून सगळे गेले. बेन हैम शेवटचा. ज्या क्लबने चारच वर्षांपूर्वी वेम्ब्लीवर एफए कप उंचावला होता, त्याच्याकडे आता नाव घ्यावं असा एकही अनुभवी खेळाडू उरला नव्हता.

नवा हंगाम मात्र थांबणार नव्हता. चार दिवसांनी लीग कपमध्ये प्लिमथविरुद्ध अकादमीतली पोरं मैदानात उतरली आणि ३-० अशी हरली. १८ ऑगस्टला लीगचा पहिला सामना बोर्नमथशी होता. त्यासाठी घाईघाईने जमवलेल्या खेळाडूंच्या हातात एकेका महिन्याचे करार होते. आदल्या आठवड्यापर्यंत एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या या संघाने सामना १-१ असा बरोबरीत सोडवला. त्या दिवशी क्लबच्या फ्रॅटन पार्क मैदानावर जमलेल्या लोकांना तो एक गुण विजेतेपदासारखा वाटला असेल, तर त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

पोर्ट्समथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, जवळजवळ सगळं एका बेटावर वसलेलं आरमारी शहर आहे. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनने ज्या जहाजावर प्राण सोडला ते ‘व्हिक्टरी’ इथेच उभं आहे. चार्ल्स डिकन्सचा जन्म इथला. शेरलॉक होम्स जन्माला घालणारे आर्थर कॉनन डॉयल इथे डॉक्टरकी करत असताना ए. सी. स्मिथ या नावाने इथल्या एका हौशी संघाचे गोलरक्षक होते. तो संघ पुढे विसर्जित झाला. आजचा क्लब १८९८ चा. लोक शहरालाही ‘पॉम्पी’ म्हणतात आणि क्लबलाही.

१९३९ मध्ये पॉम्पीने एफए कप जिंकला. पाठोपाठ महायुद्ध पेटलं, स्पर्धा बंद पडली आणि चषक सात वर्षं पोर्ट्समथकडेच राहिला. युद्धानंतर १९४९ आणि १९५० अशी सलग दोन वर्षं क्लब इंग्लंडचा लीग विजेता होता. त्या संघातल्या, कारकिर्दीत ७६४ लीग सामने खेळलेल्या जिमी डिकिन्सनला पंचांनी एकदाही ताकीद दिली नाही, असं सांगतात. गोदीतले कामगार आणि नौसैनिक आठवड्याची मजुरी हातात पडली की फ्रॅटन पार्कची वाट धरत. ही सगळी पार्श्वभूमी सांगतो, कारण पुढे पैशांचा जो खेळ झाला तो या लोकांच्या डोक्यावरून झाला.

२००६ मध्ये अलेक्झांडर गायदामाक या तरुण धनिकाच्या हातात क्लब आला आणि पैसा वाहू लागला. डेव्हिड जेम्स, सोल कॅम्पबेल, सिल्व्हां दिस्तां, ग्लेन जॉन्सन, लासाना दियारा, सुली मुंतारी, जर्मेन डिफो ही नावं प्रीमियर लीगच्या कुठल्याही बड्या संघाला शोभली असती. १७ मे २००८ रोजी कानूच्या गोलमुळे कार्डिफचा १-० असा पराभव करून हॅरी रेडनॅप यांच्या संघाने एफए कप जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युएफा कपच्या सामन्यात एसी मिलानसारख्या संघाला पॉम्पीने आपल्या मैदानात २-२ असं रोखून धरलं. प्रश्न एकच होता. फ्रॅटन पार्कमध्ये माणसं बसायची जेमतेम वीस हजार, आणि पगार मात्र त्याच्या कितीतरी पटीने मोठ्या मैदानांच्या क्लबांसारखे. उरलेला खर्च मालकाच्या आणि कर्जाच्या जिवावर चालला होता. मालकाने हात आखडता घेताच सगळा डोलारा हलला.

२००९-१० च्या एका हंगामात क्लबला चार मालक झाले. गायदामाक यांच्याकडून तो दुबईच्या सुलेमान अल फहीम यांच्याकडे गेला. सहा आठवड्यांच्या आत त्यांच्याकडून सौदीच्या अली अल फराज यांच्याकडे, आणि फेब्रुवारीत कर्जवसुलीपोटी हाँगकाँगचे व्यावसायिक बलराम चैनराय यांच्याकडे. अल फराज हे मालक समर्थकांना कधी दिसलेच नाहीत. खेळाडूंचे पगार पुन्हापुन्हा रखडले. कर खात्याने क्लब अवसायनात काढण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. २६ फेब्रुवारी २०१० रोजी पोर्ट्समथवर प्रशासक नेमला गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला हा पहिलाच क्लब. नऊ गुण कापले गेले, ८० हून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं, संघ तळाला गेला. आणि याच मोडक्या संघाने एफए कपच्या उपांत्य फेरीत टॉटनहॅमला २-० हरवून पुन्हा अंतिम फेरी गाठली! तिथे चेल्सीकडून १-० असा पराभव झाला. त्या उपविजेतेपदामुळे युरोपात खेळायची दारं उघडली असती, पण आर्थिक अवस्थेमुळे परवानाच मिळाला नाही.

कर्जाचा आकडा १२ ते १४ कोटी पौंडांच्या घरात होता. पण मला आकड्यापेक्षा देणेकऱ्यांची यादी जास्त अस्वस्थ करते. त्या यादीत बडे क्लब, एजंट आणि कर खातं होतं, तशी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती. सामन्याला येऊन कुणाला चक्कर आली, कुणी पडलं, तर धावून जाणारी ही स्वयंसेवी संस्था. तिचेही सुमारे २,७०० पौंड थकले होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये असा नियम आहे, की क्लब बुडाला तरी खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे पूर्ण चुकते करायचे, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. बाकीच्यांनी तेव्हा जे उरेल ते घ्यायचं. पोर्ट्समथच्या तडजोडीत इतरांना पौंडामागे २० पेन्स देऊ केले गेले, तेही पाच वर्षांत. कर खात्याने या तडजोडीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि ते हरलं. पुढे २०१२ मध्ये या नियमालाच थेट आव्हान दिलं, तेही फेटाळलं गेलं. लीगचं म्हणणं असं, की क्लबांचा एकमेकांवरचा विश्वास टिकला नाही तर स्पर्धाच चालणार नाही. यात तथ्य आहे. तरीही आठवड्याला हजारो पौंड कमावणाऱ्या खेळाडूचा पै न् पै चुकता व्हावा आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या संस्थेने पाचव्या हिश्श्यावर समाधान मानावं, हे मला आजही पटत नाही.

दुसरा धक्का लवकरच बसला. जून २०११ मध्ये कन्व्हर्स स्पोर्ट्स इनिशिएटिव्ह्ज या कंपनीने क्लब विकत घेतला. तिचे प्रमुख व्लादिमिर अँतोनोव्ह यांची लिथुआनियातली स्नोरास बँक नोव्हेंबरमध्ये बुडाली आणि पाठोपाठ कंपनीही गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्ट्समथवर पुन्हा प्रशासक आला, दहा गुण गेले, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. मग तो ऑगस्ट उजाडला, ज्यात बेन हैम गेला आणि पोरं उतरली.

२०१२-१३ चा हंगाम पाहणं म्हणजे शिक्षाच होती. प्रशिक्षक मायकल ॲपलटन नोव्हेंबरमध्ये निघून गेले आणि पूर्वी याच क्लबसाठी गोल करणारे गाय व्हिटिंगहॅम यांनी संघाची जबाबदारी उचलली. उसने आणलेले खेळाडू, महिन्यागणिक संपणारे करार, नोंदणीवर मर्यादा. सलग २३ लीग सामने क्लबला विजय मिळाला नाही. आणि तरी शनिवारी दहा-बारा हजार माणसं येतच होती.

ज्याने पॉम्पीला वाचवलं ते काम याच महिन्यांत मैदानाबाहेर चाललं होतं. समर्थकांनी ‘पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट’ उभा केला होता. त्याची घडण आपल्याला ओळखीची वाटेल, कारण कायद्याने तो सहकारी संस्थाच होता, अगदी आपल्या साखर कारखान्यासारखा: भाग कितीही घ्या, सभासद एक तर मतही एकच. भागाची किंमत हजार पौंड. आधी शंभर पौंड भरून नाव नोंदवायचं, क्लब विकत घेण्याची वेळ आली की उरलेले द्यायचे. हजार पौंड ही गोदीत काम करणाऱ्या माणसासाठी लहान रक्कम नाही. कुणी सुटीचा प्रवास रद्द केला, तर कुठे मित्रांनी मिळून एक भाग घेतला. शेवटी दोन हजारांहून अधिक भागधारक झाले. शहरातल्या काही सधन समर्थकांनी मोठ्या रकमा घातल्या. पोर्ट्समथच्या महापालिकेने १४ लाख ५० हजार पौंडांचं कर्ज दिलं. सार्वजनिक पैसा फुटबॉल क्लबला द्यावा का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण इथे पैसा मालकाच्या खिशात जात नव्हता, शहराच्याच लोकांच्या हातात मैदान ठेवण्यासाठी जात होता.

खरी अडचण होती फ्रॅटन पार्कची. त्याच्यावर चैनराय यांच्या पोर्टपिन कंपनीचा तारण हक्क होता, आणि जागेची किंमत किती, यावरून महिनोन् महिने रस्सीखेच चालली. १० एप्रिल २०१३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात प्रकरण सुनावणीला आलं, आणि तिथेच ३० लाख पौंडांवर समझोता झाला. त्याच महिन्यात क्लब ट्रस्टच्या ताब्यात आला. पोर्ट्समथ हा तेव्हा समर्थकांच्या मालकीचा इंग्लंडमधला सर्वात मोठा क्लब ठरला. प्रशासनातून बाहेर पडताना लागणारी दहा गुणांची वजावटही सोबत आली आणि चौथ्या श्रेणीतली घसरण निश्चित झाली. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रॅटन पार्कवर शेफिल्ड युनायटेडला पॉम्पीने ३-० हरवलं. साडेचार वर्षांपूर्वी मिलानला अडवणारा क्लब फुटबॉल लीगच्या सर्वांत खालच्या श्रेणीत गेला होता, आणि स्टँडमध्ये उत्सव होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

संघबांधणी मात्र उत्सवावर होत नाही. चौथ्या श्रेणीत क्लबने दहा हजारांहून अधिक हंगामी तिकिटं विकली, पण पहिल्याच सामन्यात ऑक्सफर्डकडून ४-१ असा मार खाल्ला. प्रशिक्षक बदलले, संघ एकदा तेरावा आला, एकदा सोळावा. समर्थक मालक असले म्हणून पराभवाला कमी चिडतात असं नाही. तरी अध्यक्ष इएन मॅकिनिस आणि मुख्य कार्यकारी मार्क कॅटलिन यांनी एक नियम सोडला नाही: येईल तेवढंच खर्च करायचं. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबांना हप्त्यांनी मिळणारं साहाय्य माजी खेळाडूंची देणी फेडण्यात गेलं. सप्टेंबर २०१४ अखेर क्लबने जुन्या देण्यांतून मुक्त झाल्याचं जाहीर केलं, ठरलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी.

२०१२-१३ च्या त्या कठीण हंगामातल्या पोरांनीच पुढच्या बांधणीला हात दिला. जेड वॉलेस खेळता खेळता मोठा झाला आणि २०१५ मध्ये वुल्व्ह्जने त्याला विकत घेतलं. अकादमीतला ॲडम वेबस्टर २०१६ मध्ये इप्सविचला गेला. बदल्यात पैसे आले आणि मॅट क्लार्क हा बचावपटू आला, ज्याला क्लबने पुढे ब्रायटनला विकलं. प्रशिक्षक पॉल कुक यांनी फुकट मिळणारे, कुणी सोडून दिलेले खेळाडू निवडून आणले. त्यांतला एन्डा स्टीव्हन्स पुढे शेफिल्ड युनायटेडसाठी प्रीमियर लीग खेळला. लहान क्लब उभा राहतो तो असाच: ओळखायचा, घडवायचा, विकायचा, आणि आलेल्या पैशांतून पुढचा ओळखायचा. २०१७ च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी चेल्टनहॅमला ६-१ हरवून पॉम्पीने चौथ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. संपूर्ण हंगामात संघ पहिल्या स्थानी होता तो फक्त त्या दिवशीच्या शेवटच्या अर्ध्या तासात.

इकडे आपल्याकडे काय होत होतं? पोर्ट्समथवर प्रशासक आला त्याच २०१० साली मुंबईत महिंद्रा युनायटेड बंद झाला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, कूपरेजवर खेळणारा संघ. कंपनीने व्यावसायिक संघाऐवजी शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. तो तिचा हक्क होता. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने आय-लीगमधून अंग काढून घेतलं. या क्लबांवर प्रेम करणारी माणसं होती, गोव्यात तर पिढ्यान् पिढ्या होती. पण वाचवायला पुढे यावं, वर्गणी काढावी, भाग घ्यावा, असं दारच त्यांना नव्हतं. सहकारात अर्धा महाराष्ट्र उभा करणाऱ्या आपल्या लोकांना एका फुटबॉल क्लबच्या बाबतीत हे कुणी विचारलं नाही, याची मला खंत वाटते.

समर्थकांची मालकीही पॉम्पीत कायम राहिली नाही. फ्रॅटन पार्कची जुनी स्टँडं डागडुजीला आली होती आणि तो खर्च शिल्लक टाकून भागणारा नव्हता. डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या टॉर्नान्टे कंपनीने ५६ लाख ७० हजार पौंड देऊ केले, शिवाय एक कोटीची गुंतवणूक कबूल केली. २०१७ च्या मे महिन्यात भागधारकांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने होकार दिला. विरोधात मत देणाऱ्यांचा मुद्दा सोपा होता: मालकांनी बुडवलेला क्लब आम्ही वाचवला, मग पुन्हा एका मालकाला का द्यायचा? मला वाटतं दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. फरक एवढाच की या वेळी विकायचं की नाही, कुणाला आणि कोणत्या अटींवर, हे हजार पौंड भरलेल्या माणसांनी स्वतः ठरवलं.

एप्रिल २०२४ मध्ये जॉन मुसिन्हो यांच्या संघाने बार्न्सलीला ३-२ हरवून तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद पक्कं केलं. निर्णायक गोल ८९ व्या मिनिटाला कॉनर शॉनेसीने डोक्याने मारला. बारा वर्षांनी पॉम्पी दुसऱ्या श्रेणीत परतली. दरम्यान २०१९ मध्ये बरी हा १८८५ चा क्लब देणी न भागल्यामुळे लीगमधून काढला गेला होता. २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा मंजूर केला. क्लबांना आता परवाना लागेल, मालकांची आणि त्यांच्या पैशांची तपासणी होईल, मैदान विकण्यावर बंधनं येतील. हे सगळं २००९ मध्ये असतं तर अली अल फराज यांना निदान कुणासमोर तरी बसून उत्तरं द्यावी लागली असती. पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट मात्र क्लब विकल्यावरही बरखास्त झाला नाही. तो अजून सभासद नोंदवतो.