टाकी भरली, ॲपही आलं, तरी मोटर बंद का होत नाही?

गच्चीवरून पाणी धो धो वाहायला लागलं की सोसायटीत पहिली हाक येते, "अहो, मोटर बंद करा!" हा रोजचा ताप संपवण्यासाठी इंजिनीअरिंग आणि आयटीआयची पोरं एक प्रोजेक्ट हमखास करतात: टाकी भरली की मोटर आपोआप बंद. व्हिडिओ बघून, कोड कॉपी करून ते टेबलावर चालतंही. गच्चीवर गेलं की मात्र बिघडतं.

कारण हे एक काम दिसत असलं तरी प्रत्यक्षात ती तीन कामं आहेत. हार्डवेअर, फर्मवेअर आणि सॉफ्टवेअर.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिना, हे सगळं एकाच चिपमध्ये. वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिमोट, रिक्षाचा डिजिटल मीटर, सगळीकडे हीच चिप असते. आर्डुइनो ऊनो या प्रसिद्ध बोर्डवरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी फक्त ३२ केबी जागा आणि २ केबी रॅम असते. मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही, पण मोटर सांभाळायला एवढं पुरतं.

आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत तयार झाला. नाव पडलं ते तिथल्या एका बारवरून! इंजिनीअर नसलेल्यांनाही वापरता यावा, असा हा बोर्ड होता. त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले गेले. म्हणूनच आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याच्यासारखे स्वस्त बोर्ड मिळतात.

पहिला थर : हार्डवेअर

म्हणजे हाताला लागणारं सगळं. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर बसतो. तो आवाज सोडतो, पाण्यावरून आलेला प्रतिध्वनी पकडतो. इथेच पहिली चूक होते. एचसी-एसआर०४ हा नेहमीचा सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल देतो, पण वाय-फाय असलेल्या ईएसपी३२ चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट वायर जोडली तर पिन जळू शकते. उपाय म्हणजे १ किलोओहम आणि २ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करायचं. काही रुपयांचं काम, पण कोड कितीही भारी असला तरी ते कोडने होत नाही.

दुसरा थर : फर्मवेअर

म्हणजे चिपच्या आत कायमचा बसणारा प्रोग्रॅम. लाइट गेली तरी तो पुसला जात नाही. प्रतिध्वनी यायला सुमारे ५,८०० मायक्रोसेकंद लागले तर पाणी १ मीटर खाली आहे, हा हिशोब तोच करतो.

पण टाकीत पाणी पडत असताना लाटा उठतात आणि आकडा सारखा नाचतो. '३० सेंटिमीटरला मोटर बंद, त्याखाली पाणी गेलं की चालू' असा एकच आकडा ठेवला तर रिले टक-टक करत राहतो आणि मोटरची वाट लागते. म्हणून आकडे दोन लागतात. पाणी झाकणापासून ९० सेंटिमीटर खाली गेलं की चालू, ३० वर आलं की बंद. मध्ये काहीही झालं तरी आहे तसंच. शिवाय सेन्सरकडून उत्तरच आलं नाही, तर मोटर बंद ठेवायची. चिप अडकली तर तिला आपोआप रीस्टार्ट करणारा 'वॉचडॉग' टायमरही इथेच चालू करतात.

तिसरा थर : सॉफ्टवेअर

म्हणजे मोबाइलवरचं ॲप. टाकी किती भरली ते दाखवणं, नोटिफिकेशन पाठवणं हे त्याचं काम. सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'आता मोटर बंद कर' हा निर्णयच ॲपवर सोडला जातो. मग नेट गेलं की बंद करायचा मेसेज पोहोचत नाही आणि पाणी वाहतच राहतं. हा निर्णय फर्मवेअरमध्येच हवा. ॲप नसलं तरी मोटर बंद व्हायलाच हवी.

मग शिकायचं कुठून?

आधी एलईडी लुकलुकवा, मग बटण, मग सेन्सर, मग रिले आणि सगळ्यात शेवटी वाय-फाय. बोर्ड घ्यायला पैसे नसतील तर टिंकरकॅड किंवा वॉकवी या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच फुकट सराव करता येतो. बिघाड झाला तर शोधही त्याच क्रमाने घ्या. आधी मल्टिमीटरने व्होल्टेज तपासा, मग सिरीयल मॉनिटरवर सेन्सरचे आकडे बघा, ॲप सगळ्यात शेवटी. आणि २३० व्होल्टच्या मोटरला स्वतः हात लावू नका, ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

कॉपी केलेला कोड टेबलावर चालतो. गच्चीवर नेण्याआधी मात्र स्वतःला तीन प्रश्न विचारा. नेट गेलं तर काय होईल? लाइट जाऊन परत आली तर काय होईल? सेन्सर बंद पडला तर काय होईल? तिन्हीचं उत्तर 'पाणी वाहणार नाही' असं आलं, तर प्रोजेक्ट खरंच तयार झाला.