महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा पराभूत हंगाम : कारणमीमांसा व मूल्यमापन
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून फुटबॉल संघ पहिल्याच फेरीत परतला की त्याची नोंद वार्षिक अहवालात एका ओळीत होते. पुढील वर्षी तोच निकाल लागला की संघ पाठवावा की नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. हा निर्णय घेण्यापूर्वी पराभवाची कारणे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या कारणांचे विवेचन केले आहे.

स्पर्धापद्धती आणि पराभव :

बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ संघ असतील तर एकूण १५ सामने होतात आणि ८ संघांच्या वाट्याला केवळ एकच सामना येतो. म्हणजेच ज्या संघाला सरावाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच खेळण्याची संधी सर्वांत कमी मिळते. अनुभव नाही म्हणून पराभव आणि पराभव झाला म्हणून अनुभव नाही, असे हे दुष्टचक्र आहे. याउलट कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ साखळी सामने खेळतात. एक सामना हरलेला संघ तेथे पुन्हा मैदानात उतरतो.

स्थानिक परिस्थिती :

बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. कबड्डीचे १३ × १० मीटरचे मैदान गावोगावी आखता येते. फुटबॉलच्या मैदानाला किमान ९० × ४५ मीटर जागा लागते. क्षेत्रफळाने हे अंतर ३१ पटींहून अधिक आहे. त्यातही काळी माती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते.

दुसरे कारण सामाजिक आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. या कुटुंबांतील काही विद्यार्थी पालकांसोबत जातात, तर काहींवर घर, जनावरे आणि लहान भावंडांची जबाबदारी पडते. फुटबॉल हा अकरा खेळाडूंच्या परस्पर समन्वयाचा खेळ असल्याने दोन-तीन खेळाडूंची अनुपस्थितीही संपूर्ण रचना विस्कळीत करते.

निकाल व प्रगती :

निकाल आणि प्रगती या भिन्न बाबी आहेत. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघ तिन्ही साखळी सामने हरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव या संघात होता. त्यानंतर या संघातील अनेक खेळाडूंना घेऊन उभारलेला इंडियन ॲरोज संघ २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये अखेरच्या स्थानी राहिला. मात्र युवा खेळाडूंना घडविणे हाच उद्देश असल्याने त्याला पदावनतीतून सूट होती व संपूर्ण हंगामात १८ सामने खेळावयास मिळाले. त्या विश्वचषक संघातील जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम व अन्वर अली पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघात खेळले.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरी गाठू शकला नाही; तथापि त्याच शर्यतीत त्याने नवा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक त्याने मिळविले. केवळ फेरीचा निकाल पाहून २०२१ चे मूल्यमापन केले असते तर ते चुकीचे ठरले असते.

उपाययोजना :

१) पहिल्या फेरीत पराभूत झालेल्या संघांसाठी स्वतंत्र उपस्पर्धा घ्यावी, ८ संघांना किमान आणखी एक सामना मिळेल.
२) नजीकच्या महाविद्यालयांनी जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे स्थलांतरापूर्वी, परस्परांत मैत्रीपूर्ण सामने आयोजित करावेत. पूर्ण मैदान नसल्यास कमी खेळाडूंचे संघ करावेत.
३) वार्षिक अहवालात निकालासोबत सराव-उपस्थिती, स्वीकारलेले गोल व दुसऱ्या वर्षी संघात टिकलेल्या खेळाडूंची संख्या नोंदवावी.
४) स्थलांतरित कुटुंबांतील खेळाडूंना हंगामकाळात वसतिगृहात प्राधान्याने प्रवेश द्यावा.

समारोप :

पराभूत संघ बंद केल्याने महाविद्यालयाचा काही खर्च वाचतो. परंतु ज्या विद्यार्थ्याला मैदानामुळे महाविद्यालयात येण्याचे एक कारण मिळाले होते, त्याचे ते कारण नाहीसे होते. म्हणून संघ किती सामने हरला यासोबतच त्याला किती सामने खेळावयास मिळाले, हा प्रश्न क्रीडा समितीच्या बैठकीत प्रथम विचारला जाणे गरजेचे आहे.