बंदिवान जंतू आणि निर्मळ पाणी

प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात भरून ठेवले, तो कुंभ पाण्यावर तरंगत दक्षिणेत आला आणि शंकराच्या बाणाने फुटला, अशी कथा आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम् या नगरीचे नाव त्या कुंभावरून पडले. तेथील महामहम् तलावात दर बारा वर्षांनी स्नानाचे पर्व येते. २०१६ साली लक्षावधी भाविकांनी तेथे स्नान केले. मराठी माणसाला ही नगरी परकी नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात ती मोडत असे, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला.

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या काठच्या या मुलखात पाणी पूज्य आहे. जवळच्या तिरुभुवनम् गावी रेशमी वस्त्रे विणली जातात. पण जेथे सूत रंगते तेथे रंगाचे सांडपाणीही उरते. कुंभकोणम् असो वा आपले इचलकरंजी, वस्त्रोद्योगाच्या प्रत्येक गावापुढे हा प्रश्न उभा असतो.

पुष्कळशा कृत्रिम रंगांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जखडलेले असतात. त्यांना ॲझो रंग म्हणतात. धुण्याने वा उन्हाने विटू नयेत म्हणूनच ते घडवलेले असल्यामुळे पाण्यात मिसळल्यावरही ते सहजी नाहीसे होत नाहीत. काही जंतू मात्र हा बंध तोडू शकतात. अडचण अशी, की मोकळे सोडलेले जंतू प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि रंगाची मात्रा एकदम वाढली तर मरतात.

यावर उपाय म्हणजे जंतूंना बंदिवान करणे. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवून त्यात जंतू मिसळतात आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मऊ मणी बनतो. मण्याच्या जाळीतून पाणी व त्यात विरघळलेली द्रव्ये आतबाहेर जातात. जंतू मात्र बहुतांशी आतच राहतात. म्हणजे हा न फुटणारा चिमुकला कुंभच! त्यात जंतूंना आसरा मिळतो, आणि तेच मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात.

ही युक्ती निसर्गाला जुनीच ठाऊक आहे. घाटाच्या ओल्या पायरीवरचा बुळबुळीत थर म्हणजे दगडाला चिकटून राहिलेल्या सूक्ष्मजीवांची वसाहतच होय. खडीच्या थरावरून मैलापाणी झिरपवून ते शुद्ध करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झाली, तीही याच तत्त्वावर.

परंतु येथे एक धोक्याची सूचना ध्यानी घेतली पाहिजे. ॲझो बंध तुटला की पाणी नितळ दिसते. पण रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. तुटलेल्या रेणूपासून ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये उरतात, आणि त्यांपैकी काही मूळ रंगाहूनही घातक असतात. पहिली पायरी प्राणवायूवाचून घडते; या अमाइनांचा नाश करण्यासाठी बहुधा प्राणवायू लागतो. म्हणून शुद्धीकरणाच्या दोन्ही पायऱ्या पार पडल्या पाहिजेत.

या उपायाला आणखी मर्यादा आहेत. सांडपाण्यात फॉस्फेट अधिक असेल तर ते कॅल्शियम ओढून घेते आणि मणी विरघळू लागतात. नाचियारकोविलच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. पण पितळातील तांबे वा जस्त पाण्यात उतरले, तर त्या धातूंचे विघटन कोणताही जंतू करू शकत नाही. तो त्यांना फार तर धरून ठेवील. मग ते मणीच काळजीपूर्वक बाजूला काढावे लागतात.

जंतू हे कष्टाळू सेवक आहेत, पण काम पुरे झाले की नाही हे ते सांगत नाहीत. ते पाहण्याची जबाबदारी माणसाची. ज्या पाण्यात उद्या कोणी श्रद्धेने ओंजळ भरणार आहे, त्याची परीक्षा केवळ डोळ्यांनी करून भागत नाही. ती प्रयोगशाळेतच, आणि नियमाने, व्हावयास हवी.