आधी अभ्यास, मग खेळ?

‘नुसतं खेळवता, लिहायला कधी शिकवणार?’ नाशिकच्या बालवाड्यांमध्ये पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. काळजी खरी, पण समज चुकीचा. मणी ओवताना, शाडू मळताना, मटार सोलताना बोटांच्या ज्या लहान स्नायूंना बळ येतं, तेच पुढे पेन्सिल पेलतात. भातुकलीत प्रत्येक ताटलीत एकेक चिंचोका वाढणारं मूल मोजणीचा पाया घालत असतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळ आणि कृती हीच शिकण्याची रीत मानली आहे.

यासाठी महागडी खेळणी लागतात, हाही गैरसमजच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साहित्य कोणतं? शिंपले, खडे, बिया, पानं! याच अनुताईंनी तरुणपणी नाशिक जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी केली होती, हे नाशिककरांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

‘मोठ्यांनी नीट दाखवलं की मूल लवकर शिकतं’ हा समज मात्र अर्धाच खरा. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एका खेळण्यात अनेक गमती दडवल्या होत्या. काही मुलांना प्रयोगकर्तीने ‘हे असं चालतं’ म्हणत त्यातली एकच गंमत, आवाज काढणं, शिकवली. इतर काहींसमोर तोच आवाज जणू चुकून निघाला. शिकवलेल्या मुलांनी मुख्यतः तेवढंच करून पाहिलं आणि ती लवकर थांबली. बाकीची अधिक वेळ खेळली आणि त्यांनी दडलेल्या गमतीही अधिक शोधल्या.

म्हणजे मोठ्यांनी बाजूलाच बसायचं का? मुळीच नाही. साहित्य मांडणं, निरखणं, योग्य वेळी एखादा प्रश्न टाकणं हे कसबाचं काम आहे. ‘बाई नुसत्या बसून असतात’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही.

सारखं ‘का?’ विचारणाऱ्या मुलाला आगाऊ ठरवण्याची घाईही नको. मिशेल शुइनार्ड यांच्या 2007 च्या अभ्यासात लहान मुलं मोठ्यांशी बोलताना माहितीसाठी तासाला सरासरी 76 प्रश्न विचारताना आढळली. द्राक्षाचा बेदाणा कसा होतो, असं मुलाने विचारलं, तर आधी ‘तुला काय वाटतं?’ म्हणावं. मग गच्चीवर चार द्राक्षं वाळत घालून किती दिवस लागतात, हे त्यालाच मोजू द्यावं.