विश्लेषण : एका पाणबुडीचे ‘नाक’ कापून दुसरीला का बसवले?

अमेरिकेची अणुऊर्जेवर चालणारी हल्लेखोर पाणबुडी ‘यूएसएस सॅन फ्रान्सिस्को’ ८ जानेवारी २००५ रोजी ग्वामच्या दक्षिणेला पाण्याखालील पर्वतावर वेगात आदळली. एका नौसैनिकाचा मृत्यू झाला, ९८ जण जखमी झाले. पाणबुडी कशीबशी बंदरात परतली. पण सोनार असलेला पुढचा भाग पार चिरडला होता.

नवा भाग कुठून आणला?

एवढा मोठा भाग गोदामात तयार नसतो. लॉस एंजेलिस वर्गातील शेवटची पाणबुडी १९९६ मध्येच नौदलात आली होती. त्यामुळे निवृत्त होणाऱ्या ‘यूएसएस होनोलुलू’चा पुढचा भाग कापून ‘सॅन फ्रान्सिस्को’ला जोडण्यात आला. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टनच्या गोदीतले हे काम २००८ मध्ये पूर्ण झाले.

जुनीच पाणबुडी का वाचवली?

‘सॅन फ्रान्सिस्को’ १९८१ची, तर ‘होनोलुलू’ १९८५ची. मग नवी मोडीत का? उत्तर अणुभट्टीत आहे. ‘सॅन फ्रान्सिस्को’मध्ये काही वर्षांपूर्वीच नवे अणुइंधन भरले होते, ‘होनोलुलू’चे संपत आले होते. भाग बदलण्याचा अंदाजित खर्च ७.९ कोटी डॉलर, तर ‘होनोलुलू’मध्ये इंधन भरण्याचा १७ कोटी डॉलर होता.

हा मार्ग नेहमीच शक्य आहे?

नाही. ‘यूएसएस कनेक्टिकट’ २ ऑक्टोबर २०२१ रोजी दक्षिण चीन समुद्रात अशीच आदळली. तिच्या सीवुल्फ वर्गात एकूण तीनच पाणबुड्या, आणि तिन्ही सेवेत. भाग काढून घ्यायला निवृत्त जोडीदारच नव्हती.