शेंडी बदक ओळखायचं कसं?

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर किंवा जायकवाडीला गेलात तर काठाजवळच्या गर्दीत अडकू नका, दुर्बीण खोल पाण्याकडे वळवा. तिथे काळं-पांढरं, ठेंगणं बदक दिसलं आणि बघता बघता गायब झालं, तर ते बहुधा शेंडी बदक.

नराचं अंग काळं, कुशी स्वच्छ पांढऱ्या, डोळा पिवळाजर्द आणि डोक्यामागे लोंबणारी शेंडी. चोच निळसर राखाडी, टोकाला काळी. शेंडी ओली होऊन मानेला चिकटली की दिसत नाही, म्हणून मी आधी कुशी आणि डोळा बघतो. मादी तपकिरी, शेंडी आखूड. काहींच्या चोचीच्या बुडाशी पांढरट पट्टाही असतो. वारकरी पक्षीही लांबून काळाच दिसतो, पण त्याची चोच आणि कपाळ पांढरं.

खरी मजा बुडी बघण्यात आहे. शेंडी बदक पिसं अंगाशी घट्ट आवळून घेतं, किंचित उसळी मारतं आणि डोकं खाली करून आत! पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने पाण्याखाली वल्ह्यासारखे चालतात. तळातले शिंपले, गोगलगायी, किडे, पाणवनस्पती खाऊन साधारण पंधरा-वीस सेकंदांत वर येतं. याच पायांमुळे जमिनीवर चाल बेंगरूळ. उडताना त्याला पाण्यावरून धावत जावं लागतं. तेव्हा पंखांवरची पांढरी पट्टी नक्की बघा.

दिवसा पुष्कळदा थवा पाण्यावर झोपलेला असतो. होडी जवळ नेऊन उठवू नका, प्लीज! सैबेरियासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशातून आलेत ते, मार्चच्या सुमारास परत निघायचंय त्यांना.